ओल्यात धरणारा माणूस

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पोलादपूरच्या एसटी स्टँडवर, एका बसच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून वास घेताना. बस नुकतीच आंबेनळी घाट उतरून आली होती. चाकातून जळका दर्प येत होता, माणसं नाकाला रुमाल लावून बाजूने जात होती, आणि हा पांढऱ्या दाढीचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ डोळे मिटून तो दर्प घेत होता, नव्या तांदळाच्या भाताचा घ्यावा तसा. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याला पाहून घाबरला. आरटीओचा माणूस असणार, असं त्याला वाटलं.

"सायेब, ब्रेक परवाच करून घेतलेत," तो म्हणाला.

"ब्रेकला काही झालेलं नाही. तुझ्या पायाला झालंय. सगळा घाट पाय ठेवून उतरलास. चल, चहा घे."

आणि ड्रायव्हर खरोखरच निमूटपणे त्यांच्यामागे चहाला गेला. मी मामाकडून महाडला घरी परतत होते, आणि जाता जाता एका नोकरीची मुलाखत द्यायची होती. तासाभराने औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात टेबलापलीकडे हाच माणूस बसलेला. आम्ही एकाच बसने आलो होतो.

रसायनशास्त्राची माझी सगळी तयारी फुकट गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "चप्पल दाखव बघू."

मला राग आला. पण बाबांची नोकरी सुटलेली होती, तेव्हा राग गिळून मी चप्पल काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उजव्या पायावर भार टाकतेस. सतत घाईत असतेस. आमच्याकडे घाई फक्त भट्टीला करता येते, आणि तीही करत नाही. उद्यापासून ये."

झीज खोटं बोलत नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या वहाणांवर त्यांचा जास्त विश्वास. स्वतःच्या चपला ते दर रविवारी प्रयोगशाळेच्या नाजूक तराजूवर तोलायचे. आम्ही कामगार मंडळी मागे हसायचो. शिवथरला घळीत जायचे तेव्हा बाकीचे डोळे मिटून हात जोडायचे आणि हे पायरीवर बसून तिच्या खोलगट भागावर बोट फिरवत राहायचे. पुजाऱ्याला वाटायचं, सरांची भक्ती काही वेगळीच आहे. एका अर्थी होतीच.

कारखाना ट्रकच्या ब्रेकचे लायनर बनवायचा. त्याचे मालक, आमचे शेठ, मुंबईला राहायचे, पण मूळचे शिवथर खोऱ्यातले. सरांच्या बायकोचं माहेर त्यांच्याच वाडीतलं. शेठ त्यांना आक्का म्हणायचे आणि आक्कांच्या शब्दाखातरच त्यांनी कारखान्यामागची एक शेड सरांना दिली होती. त्या शेडमध्ये सर विमानाचा ब्रेक बनवत होते. हे वाक्य मी माझ्या घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "महाडात?" तिच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं.

विमान उतरतं तेव्हा त्याच्या चाकातल्या तबकड्या एकमेकींवर घासतात आणि लाल होईपर्यंत तापतात. लोखंड त्यापुढे टिकत नाही. म्हणून कोळशाच्या धाग्यांची जाड लोकर घ्यायची, ती राळेत भिजवून भाजायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा भाजायची आणि शेवटी हवा काढून घेतलेल्या भट्टीत वितळलेलं सिलिकॉन तिला प्यायला द्यायचं. ते धाग्याधाग्यात शिरतं आणि कोळशाचा काही भाग दगडाहून कठीण होतो. "आपल्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीची लांबची बहीण," सर सांगायचे. हलकी, तापाला न डरणारी आणि न झिजणारी. एक संच तयार व्हायला महिनोन् महिने लागायचे. बहुतेक संच भट्टीतच तडकायचे. तडकलेला तुकडा हातात घेऊन सर म्हणायचे, "हिची काही चूक नाही हं."

सर दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून इथे का आले, याचं उत्तर आमच्या पावसात होतं. कोळशाचे ब्रेक रात्रभरात हवेतली ओल पितात, आणि सकाळी पहिल्यांदा दाबले की निसटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ओल उडून जाते, मग धरतात. सरांना पहिल्याच दाबाला धरणारी तबकडी हवी होती. "आमच्या श्रावणात जी पहिल्या दाबाला धरेल ती जगात कुठेही धरेल," म्हणायचे. पावसाळ्यात तबकड्या शेडच्या वळचणीला रात्रभर टांगून ठेवायचे आणि सकाळी तोंडसुद्धा न धुता त्या चाचणी यंत्रावर चढवायचे. धरली तर दिवसभर शीळ. निसटली तर कुणाशी बोलायचं नाही.

माणसंही त्यांनी याच मापाने मोजली. कोरड्यात काय, कुणीही धरतं, असं त्यांचं म्हणणं. शेठविषयी विचारलं की म्हणायचे, "कोरड्यात उत्तम. ओल्यात अजून पाहिलं नाही." आमच्या महाडच्या घरात पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढून उतरलं, तेव्हा चिखल उपसायला पहिला माणूस आला तो हाच. बोलायला नाही, विचारायला नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, फावडं घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या स्वयंपाकघरातला गाळ घमेल्याने बाहेर टाकत राहिला. निघताना बाबांना म्हणाला, "तुमची मुलगी ओल्यात धरते." बाबांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी मागच्या दारी जाऊन रडले.

पण त्यांच्या लेखी सगळ्यांत ओल्यात धरणारी एकच होती, त्यांची बायको. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. नवऱ्याने मोठी नोकरी सोडून पोलादपूरजवळच्या वाडीत घर केलं, त्या घरात अर्धं सामान जळक्या तबकड्यांचं, आणि वाडीतली बाकीची घरं गणपती-शिमग्याशिवाय कुलपात. तरी काकूंच्या तोंडून तक्रार कधी ऐकली नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबरोबर त्यांचा दिवस जायचा. आमच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलणारे सर घरात शिरले की बोली बदलायची.

"आज तरी धरलान का वो तुमच्या चाकानं?" काकू विचारायच्या. तबकडीला त्या चाकच म्हणायच्या.

"नाय गो. निसटला."

"उद्या धरंल. जेवून घ्या."

हा संवाद मी कित्येकदा ऐकलाय.

सरांच्या शेडचा एक कडक नियम होता: तयार तबकडीला उघडा हात लावायचा नाही. हातमोजे घालायचे. हाताच्या घामात क्षार असतात, ते त्या वस्तूच्या बारीक छिद्रांत शिरतात आणि मग ती तापली की तिथला कोळसा जळून राख होतो. सगळ्यांत वाईट पोटॅशियम. सर आम्हाला दम द्यायचे, "माझ्या शेडमध्ये केळं खायचं नाही, शहाळं आणायचं नाही." लोकांना हा विक्षिप्तपणा वाटायचा. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. सर देव मानत नव्हते, पण कामगारांचं मन मोडत नव्हते. फक्त आदल्या दिवशी सगळ्या तबकड्या कपाटात घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचे. भट्टीला काय लावायचं ते लावा, म्हणायचे.

ज्या वर्षीची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी सगळं जमून आलं होतं. अख्ख्या पावसाळ्यात एक संच एकदाही निसटला नव्हता. झीज तराजूला जेमतेम कळेल एवढी. शेठनी दूरच्या शहरातल्या मोठ्या चाचणी केंद्रात दिवस मिळवला होता. तिथे पूर्ण वजनाची, पूर्ण वेगाची चाचणी होते. शेठनी स्पष्ट सांगितलं होतं की हे पास झालं तर पुढचं सगळं उभं करू, नाही तर शेड बंद. बरीच वर्षं कळ काढली होती त्यांनी. त्यांना मी दोष देत नाही.

आणि त्याच वर्षी काकू गेल्यात जमा होत्या. पोटाचा आजार होता आणि मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. काकूंना ते ठाऊक होतं. त्यावर त्या बोलत नव्हत्या, आणि सरही.

खंडेनवमीला काकूंनी हट्ट धरला की शेडमध्ये यायचंच. सरांनी त्यांना गाडीतून आणलं, खुर्चीवर बसवलं. कधी नव्हे ती नवी साडी नेसल्या होत्या. ती अंगावर नुसती लोंबत होती. भट्टीची पूजा झाली. मग त्या म्हणाल्या, "हे झालं यंत्राचं. तुमची चाकं कुठं हायत? मी अजून बघितली नायत."

सरांनी खिशातून किल्ली काढली. कपाट त्यांनी स्वतः उघडलं, हातमोजे घालून संच बाहेर आणला आणि काकूंच्या पुढ्यातल्या टेबलावर मांडला. दाखवायचाच होता फक्त. आजीने नातवाकडे पाहावं तशा नजरेने काकूंनी त्या तबकड्यांकडे पाहिलं. त्यांना मूल नव्हतं. मग आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आत त्यांनी हळदकुंकू वाहिलं, ताम्हणातला नुकताच फोडलेला नारळ उचलला आणि त्यातलं पाणी हाताने त्या तबकड्यांवर शिंपडलं. शिंपडलं, आणि उरलेलं वाटीतून ओतलं.

मी ओरडणार होते. माझं तोंड उघडलेलं होतं. सरांचा हातही पुढे आलेला मी पाहिला. तो तसाच हवेत थांबला आणि मग हळूच खाली गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"पहिल्या दाबाला धर रे बाबा," काकू त्या चाकांना म्हणाल्या. "ह्यांची लाज राख."

सरांनी हातमोजे काढले, हात जोडले आणि आम्हाला म्हणाले, "नमस्कार करा सगळ्यांनी."

नारळाच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. हे त्या शेडमधल्या झाडूवाल्यालासुद्धा पाठ होतं, सरांनीच करून घेतलं होतं.

काकूंना घरी पोहोचवून ते परत आले आणि आम्ही दोघं तबकड्या धूत बसलो. शुद्ध पाण्यात उकळायच्या, सुकवायच्या, पुन्हा उकळायच्या. दसऱ्याचं सोनं वाटायचं राहिलं. सारखं उकळून वरचं जातं, पण आत शिरलेलं किती गेलं ते कळत नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

"शेठना सांगा," मी म्हटलं. "खरं काय ते सांगा. नवा संच करायला वेळ मागा. होळीपर्यंत होईल."

"शेठ रोज संध्याकाळी हिला फोन करतो," सर म्हणाले. "त्याच्या पोटात काही राहत नाही. आक्का, तू हे काय करून बसलीस, असं बोलून जाईल. तो वाईट नाही, पण बोलून जाईल."

"मग काकूंना तुम्हीच समजावा."

"काय समजावू? तुझ्या हाताने सगळं गेलं, हे?" ते उकळत्या भांड्याकडे बघत होते. "तिच्याकडे दिवस किती उरलेत? त्यातला एकही असा जायला नको."

त्यांनी शेठकडे वेळ मागितला, पण कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, मला खात्री वाटत नाही. शेठ म्हणाले, तुम्हाला इतक्या वर्षांत कधी खात्री वाटली होती? आणि ठरल्या दिवशी आम्ही संच घेऊन निघालो.

मला अजून त्या चाचणीची स्वप्नं पडतात. तबकड्या दमट खोलीत ठेवून, ओल पाजून चढवल्या. पहिला दाब. धरलं. काचेपलीकडच्या इंजिनियरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रोजच्या उतरण्याइतके दाब, एकामागून एक, आणि झीज इतकी कमी, की त्यांनी मोजमाप पुन्हा करून पाहिलं. एकाने येऊन सरांचा हात हातात घेतला. सर हसले नाहीत. शेवटचा दाब पूर्ण भाराचा होता, विमानाने उडायच्या बेतात धावपट्टीवरच ऐनवेळी थांबायचं ठरवावं तसा. यंत्र गरगरलं, तबकड्या लाल झाल्या, मग पिवळट. चाक थांबलं. पण गार झाल्यावर उघडून पाहिलं तर एका तबकडीची कड भुसभुशीत झाली होती. बोट लावलं की गळत होती. अशी तबकडी विमानात जात नाही.

तिथला मोठा साहेब समजदार होता. त्याने सरांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. "हे बाहेरून काही लागल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. "क्षार वगैरे? तसं असेल तर सांगा, आम्ही पुन्हा संधी द्यायची शिफारस करतो."

एक वाक्य पुरलं असतं. मी सरांच्या शर्टाची बाही धरली, लहान मुलासारखी. त्यांनी ती सोडवली.

"नाही," ते म्हणाले. "दोष माझ्या मिश्रणातच आहे."

मला त्यांचा राग आला आणि तो राग पुष्कळ वर्षं गेला नाही. परतीच्या प्रवासात मी खिडकीकडे तोंड करून बसले. एका माणसाचं सगळं आयुष्य, आमच्या सगळ्यांचे हात, ती शेड, सगळं त्यांनी एका वाक्यात टाकून दिलं होतं. कुणासाठी, ते मला कळत होतं. तरी राग होता. मी असते तर सांगितलं असतं, असं मी मनात घोकत होते.

वाडीतल्या घरी आलो तेव्हा काकू ओटीवर कॉटवर पडलेल्या होत्या. आत्या पाय चेपत होती. काकूंनी मान वळवली.

"थांबलं का वो विमान?"

"थांबलं गो," सर म्हणाले. "पहिल्याच दाबाला धरलान."

काकूंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "दाखवा."

सरांनी पिशवीतून ती तबकडी काढून त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती पोटाशी धरली, बोटं फिरवली आणि कडेपाशी थांबल्या. चिमूटभर काळी भुकटी त्यांच्या साडीवर पडली.

"ही कड कशी खाल्लीय वो? भंगलेला देवात कसा ठेवायचा?"

मी सरांकडे पाहिलं. हा माणूस केसाएवढ्या झिजेपायी दिवसदिवस जेवत नसे.

"भंगलेला नाय गो तो," ते म्हणाले. "विमान थांबवलंन त्यानं. एवढा झिजणारच."

तबकडी देव्हाऱ्यात गेली. काकू असेपर्यंत रोज तिला कुंकू लागत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला, औषध द्यायला आलेल्या नर्सला, फोनवर शेठनासुद्धा त्या सांगत होत्या, ह्यांच्या चाकानं विमान थांबवलंन. शेठना निकाल कळलेला होता. पण ते फोनवर एवढंच म्हणाले, "व्हय आक्का, थांबवलंन." हे सरांच्या कानावर गेलं. मग मला म्हणाले, "शेठ ओल्यात धरतो. मी उगाच शंका घेतली." शेड मात्र बंद झालीच. भट्टी विकली गेली. काकू माघात गेल्या.

मी जवळच्या एका औषधांच्या कारखान्यात लागले. अधूनमधून वाडीत जायचे. एकदा गेले तर सर मागच्या पडवीत जमिनीवर बसले होते. पुढ्यात काकूंचा पाटा. मसाला वाटून वाटून त्याच्या मधोमध खळगा पडला होता, आणि सर त्यावर बोट फिरवत होते.

"शेठना आता तरी सांगा," मी म्हटलं. "आता काकू नाहीत. एक संच अजून होऊ शकतो."

"आणि कारण काय देऊ? तिचं नाव?" त्यांनी बोट उचललं नाही. "हे बघ. दगड आहे हा. एवढा झिजलाय, माझ्या घरात, माझ्या जेवणापायी. साऱ्या जगाची झीज मोजत बसलो मी. ही झिजत होती, ती मोजली नाही."

मग ते रडले. मी त्यांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं. मी चुलीवर चहा ठेवला. साखर सापडली नाही. तसाच प्यायलो.

पुढे ते पुन्हा स्टँडवर दिसायचे, घाट उतरून आलेल्या गाड्यांपाशी. ड्रायव्हर ओळखीचे झाले होते, स्वतःहून चहा पाजायचे. चपला तोलणं बंद झालं. तराजू शेडबरोबर गेला होता. शेवटी शेवटी चपलाच घालत नसत.

गेल्या भाद्रपदात ते गेले. झोपेतच. गणपतीला आलेले वाडीतले लोक अजून मुंबईला परतले नव्हते, म्हणून खांदा द्यायला माणसं तरी मिळाली. दहाव्याला शेठ आले होते. नदीवरून परतून आम्ही ओटीवर बसलो, शेठ खांबाला टेकून. आत आत्या घर आवरत होती. थोड्या वेळाने ती देव्हाऱ्यातली तबकडी घेऊन बाहेर आली. वर काकूंच्या हातचं कुंकू वाळून काळं पडलं होतं.

"हा गो काय करायचा?" तिने मला विचारलं. "कड खाल्लीय समदी. भंगलेला घरात ठेवू नये. सावित्रीत सोडून देऊ का?"

शेठनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. त्यांना मिश्रणातल्या दोषाची गोष्ट ठाऊक होती, नारळाची नव्हती. आता सांगायला कुणाची आडकाठी उरली नव्हती. सरांचं नाव स्वच्छ झालं असतं. इतकी वर्षं मी हेच वाक्य तोंडात घेऊन बसले होते.

मी उठून आत्याच्या हातून तबकडी घेतली. उघड्या हातांनी.

"नको आत्या," मी म्हटलं. "भंगलेला नाय तो. विमान थांबवलंन त्यानं. एवढा झिजणारच."